इम्प्लांट शिकताना नेव्हिगेशन की हाताने? काही महिने दोन्ही वापरून झाल्यावर

फोंड्याला माझं दातांचं छोटं क्लिनिक आहे. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, शिकायला घेतलं तेव्हा दोन्हीकडून सुरुवात केली, एकीकडे सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन), प्लॅनिंग सॉफ्टवेअर आणि नेव्हिगेशनचा (ड्रिल कुठे चाललाय ते स्क्रीनवर लाइव्ह दाखवणारी यंत्रणा) ट्रेनर, दुसरीकडे फँटम हेड (सरावाचं डमी डोकं), प्लास्टिकचे जबडे आणि मार्केटातून आणलेला बकऱ्याचा जबडा. बांबोळीच्या डेंटल कॉलेजातले ज्युनियर सारखे विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

डिजिटलमध्ये प्लॅनिंग फार छान पक्कं होतं. नर्व्हपासून 2 मिमी, शेजारच्या मुळापासून दीड मिमी, दोन इम्प्लांटमध्ये 3 मिमी, हे पाठ सगळ्यांचंच असतं, पण स्क्रीनवर इम्प्लांट जरासा तिरका केला आणि तो मुळाला जाऊन टेकला की ते आकडे कशासाठी आहेत ते कळतं. नेव्हिगेशनवर कोन किती ढळला, खोली किती झाली, तिथल्या तिथे दिसतं, हाताने करताना शेजारी सर उभे असतील तरच कुणी सांगणार.

पण हाड कसं लागतं ते स्क्रीन नाही शिकवत. बकऱ्याच्या जबड्यात 2 मिमीचा पायलट (पहिला) ड्रिल वरचा कडक थर फोडून आत गेला की आवाज बदलतो आणि हातावरचा जोर एकदम सुटतो, तो क्षण ओळखता आलाच पाहिजे, कारण पेशंटच्या वरच्या मागच्या जबड्यात हाड थर्मोकोलसारखं मऊ असू शकतं आणि तिथे ड्रिल कधी आत गेला कळत पण नाही. प्रिंटेड गाइड (ड्रिल ठरल्या जागी धरणारा थ्रीडी प्रिंटेड साचा) लावलं की त्याच्या स्लीव्हच्या, म्हणजे ड्रिल जातो त्या नळीच्या, घर्षणात हा फील दबतो, वर ड्रिल थंड ठेवणारं सलाइन नीट आत पोचत नाही, आणि हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी जळतं. मागच्या दाढेला तर गाइड आणि लांब ड्रिल मिळून तोंडच पुरत नाही.

बजेट कमी असेल तर नेव्हिगेशनच्या मागे लागू नका, प्लॅनिंग सॉफ्टवेअर फुकटातही मिळतं आणि जबडे स्वस्त आहेत. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो असा, आधी जबड्याचा सीबीसीटी काढून प्लॅन करायचा, मग गाइड न लावता हाताने इम्प्लांट बसवायचा, परत सीबीसीटी काढून प्लॅनवर ठेवून बघायचं, किती सरकला आणि कुठल्या बाजूला ते लख्ख दिसतं. स्कॅन सेंटरवाल्यांना आधी फोन करा आणि जबडा नीट पॅक करून न्या, नाहीतर ते आत घेत नाहीत.