रस्त्याकडेच्या टेबलावरची रानटी ब्लूबेरी : पाचपैकी चार

लेकीकडे अमेरिकेतल्या मेन राज्यात गेले होते, ऑगस्टमध्ये. मचायस गावाच्या अलीकडे रूट वन या हायवेला एक टेबल लागतं. त्यावर पुठ्ठ्याचे डबे आणि हाताने रंगवलेली पाटी. विकणाऱ्या बाईंना वेळ नसला तर नुसती पैशांची पेटी ठेवलेली असते.

मी सवयीने विचारलं, "जात कोणती?" हापूस नाही तर पायरी, असं काही तरी सांगतील म्हणून. बाई हसल्याच. जातबीत नाही, ही झुडपं कुणी लावलेलीच नाहीत म्हणे. जमिनीखालून आडवी खोडं पसरत जातात आणि प्रत्येक ताटव्याची चव निराळी. म्हणून एकाच डब्यात फिकट निळी, गडद आणि चक्क काळी फळं निघतात. द्राक्षावर असतो तसा धुरकट थर त्या काळ्यांवर नसतो.

सुपरमार्केटातली टपोरी ब्लूबेरी हिची उंच चुलतबहीण. ती न्यू जर्सीत माणसाळवली, 1916 साली बाजारात आली. मोठी दिसते, पण चवीला पाणचट. ही वाटाण्याहून लहान, पण चावलं की आधी आंबट, मग गोड, आणि सालीचा किंचित तुरटपणा. करवंदं आठवली, फक्त चीक नाही.

रांगेत कॅनडातल्या क्यूबेकचे एक आजोबा होते, ते हिला 'ब्ल्यूए' म्हणत होते. तिकडे लाक-सँ-जाँ भागातल्या लोकांनाही तेच नाव पडलंय. आमच्या भाषेत मात्र हिला नाव नाही. लेकीची धाकटी 'निळी बोरं' म्हणते. चालतंय.

रानटी म्हणायची, पण निगा भरपूर. एक वर्ष फळ, एक वर्ष नुसती वाढ. फळ निघालं की झुडपं कापतात, नाहीतर जाळतात, आमच्या भाजावळीसारखी. तिथले मूळ रहिवासी वाबानाकी लोक पूर्वीपासून असंच जाळायचे. झुडूप गुडघ्यालाही पोचत नाही, त्यामुळे तोडणी दातेरी सुपलीने, कंबरेत वाकून. मी दहा मिनिटं करून पाहिली आणि मुकाट दहा डॉलर देऊन डबा घेतला.

एक गुण कापला तो डब्यासाठी. तळ भिजून फाटला आणि माझी पांढरी ओढणी जांभळी झाली, अजून तशीच आहे. पानं-काड्याही निवडाव्या लागतात. अर्ध्याचा लवंग घालून मुरांबा केला, चार दिवसही टिकला नाही.

जाल तर हातात पातेलं घेऊन जा.