चायकोव्हस्की की अरेन्स्की, आधी कुठला ट्रायो ऐकावा?

दोघेही रशियन संगीतकार, दोघांचेही ट्रायो म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं खालच्या सुराचं वाद्य) अशा तीन वाद्यांच्या रचना, आणि दोन्ही गेलेल्या कलाकाराच्या आठवणीत लिहिलेले, त्यामुळे सुरुवात कुठून करू हा प्रश्न येतोच. माझं सरळ म्हणणं, ज्याने असलं काही ऐकलेलंच नाही त्याने अरेन्स्कीपासून करावी.

त्याचा डी मायनर (हे सुरावटीचं नाव) ट्रायो 1894 चा, साधारण अर्ध्या तासाचा, चार भाग. आठवण आहे कार्ल दाव्हिदोव्हची, जो रशियातला सगळ्यात मोठा चेलोवादक, म्हणून चेलोकडे नीट कान द्या. तिसरा भाग एलेजी, म्हणजे शोकगीत, तिथे व्हायोलिन-चेलोवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा छोटा चिमटा, लावलेला असतो, आवाज असा दबलेला की घरात कोणी झोपलंय म्हणून हळू बोलतोय, चेलो सुरू करतो आणि मग व्हायोलिन तीच धून हातात घेतं. मला तर हा भाग अख्ख्या ट्रायोपेक्षा प्यारा आहे.

चायकोव्हस्कीचा ए मायनर, ओपस 50 (म्हणजे रचना क्रमांक 50), हे वेगळंच प्रकरण, पाऊण तासाच्या वर जातो आणि भाग फक्त दोन. ज्याच्या आठवणीत हा लिहिला तो निकोलाय रुबिनस्टाईन, मॉस्को कॉन्झर्व्हेटरी उभी करणारा आणि जबरदस्त पियानिस्ट, 1881 मध्ये पॅरिसला वारला. गंमत बघा, आदल्याच वर्षी चायकोव्हस्कीने पत्रात लिहिलं होतं की पियानोबरोबर व्हायोलिन-चेलो आपल्याला सहनच होत नाही, आणि मित्रासाठी मात्र त्याने रोममध्ये बसून नेमकं तेच लिहिलं. पियानोचं काम भयंकर अवघड, कारण गेलेला माणूस पियानोवाला. दुसऱ्या भागात साध्याशा धूनची व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून दरवेळी वेगळ्या रूपात, मध्ये वॉल्ट्झ आणि माझुर्का हे नाच, आणि फ्यूग, म्हणजे एकच धून वाद्यं एकामागून एक पकडतात ती, इथे नवा माणूस थोडा हरवतो हे खरंय, पण टिकून राहा, कारण शेवटी अगदी सुरुवातीची चेलोची धून परत येते आणि तिच्याखाली पियानोत अंत्ययात्रेची चाल लागते.

चायकोव्हस्की आवडला तर पुढे राखमानिनोव्हचा डी मायनर ट्रायो घ्या, 1893 मध्ये चायकोव्हस्की गेला तेव्हा 20 वर्षांच्या पोराने त्याच्या आठवणीत लिहिलेला.

आणि ओपस 50 ऐकताना ऑटोप्ले आठवणीने बंद करा, शेवटी पियानो इतका हळू होत जातो की पुढचं गाणं धाडकन सुरू झालं तर सगळं गेलं.