गोगलगायी: गोणपाट की गोळ्या?

शेजारच्या काकूंची मिरचीची रोपं गोगलगायी रात्रीत फस्त करतात. मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या गोळ्या आणाव्यात की गोणपाट पसरावं, यावर त्यांचं अडलंय.

खर्चात गोणपाट केव्हाही स्वस्त. गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला टाकायचं आणि सकाळी उन्हाआधी उलटायचं. खाली दडलेल्या गोगलगायी हातमोजे घालूनच उचलाव्यात, कारण त्यांच्यातले काही जंत माणसालाही बाधतात. मग साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवायच्या. मीठ थेट वाफ्यात मात्र नको, माती बिघडते.

कष्टात गोळ्या जिंकतात: टाकल्या की काम झालं. पण जोराच्या पावसात त्या विरघळून वाया जातात, आणि गोगलगायींचा सुळसुळाट नेमका पावसातच!

सुरक्षिततेत तर तुलनाच नाही. गोळीतल्या खाद्याच्या वासानं कुत्रीही ती खातात आणि अगदी थोड्या मात्रेनंही झटके येऊन दगावू शकतात. लहान मुलांनाही तोच धोका.

गच्ची, कुंड्या, छोटं परसू, घरात मूल किंवा कुत्रं-मांजर असेल, तर गोणपाटच. मोठी, कुंपण घातलेली बाग असेल आणि रोज सकाळी वाकणं जमत नसेल, तर गोळ्या. त्याही मोजक्या आणि पाऊस उघडल्यावर. काकूंकडे मांजर आहे.