टपालाने येणारा बायबल अभ्यासक्रम : कृपेचा धडा उत्तम, गुणपत्रिका नको

हा मराठी अभ्यासक्रम बारा पुस्तिकांचा असून तो विनामूल्य मिळतो. पुस्तिकेच्या शेवटची प्रश्नपत्रिका सोडवून पाठविली की ती तपासून परत येते आणि सोबत पुढचा धडा येतो. छपाई ठळक आहे, टपाल वेळेवर येते. व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते पाचव्या धड्याविषयी, कारण तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते की स्वतःच्या चांगुलपणाने, हा प्रश्न त्यात घेतला आहे, आणि लहानपणापासून चर्चला जाणाऱ्या मलाही तो कधी नीट सुटला नव्हता.

धड्याचा आरंभ बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्याने, म्हणजे बोधकथेने होतो. आठवड्यातून दोनदा उपास करणारा आणि मिळकतीचा दशमांश देणारा परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) व दूर उभा राहून ऊर बडवीत फक्त दया मागणारा जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा), या दोघांपैकी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. लेखकाने परूशाला ढोंगी ठरविलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याचे उपास खरे होते, दानही खरे होते. चुकले ते एवढेच, की तो देवासमोर त्यांच्याच भरवशावर उभा राहिला. पुण्य गाठीला बांधण्याची सवय ख्रिस्ती घरांतही आहे, आणि हे वाचताना मला माझी रविवारची हजेरी व दानाची पाकिटे आठवली.

‘कृपा’ या शब्दावरचे पान मी तीनदा वाचले. ‘आपल्या कृपेने सर्व क्षेम आहे’ असे आपण पत्रात लिहितो, तेव्हा वडीलधाऱ्यांची मर्जी अभिप्रेत असते, आणि मर्जी सांभाळावी लागते. बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांतील कृपा मात्र लायकी नसलेल्याला मिळालेले दान आहे. इथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण हवे होते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला, पण तारण हे फुकट मिळणारे दान आहे, हे आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे, असे सांगणारे पौलाच्या इफिसकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायाचे आठवे व नववे वचन देऊन धडा थांबतो. सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण झालो आहोत, असे सांगणारे दहावे वचन गाळल्यामुळे चांगले वागण्याला काही अर्थच नाही, असा नवख्या वाचकाचा समज होईल. शिवाय रोमन कॅथलिक लोक केवळ कर्मांवर विसंबतात, असे एका परिच्छेदात सुचविले आहे, ते अन्यायाचे आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरपंथीय (प्रॉटेस्टंट) व कॅथलिक प्रतिनिधींनी ज्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यात देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नव्हे, हे दोघांनीही मान्य केले आहे.

गुण देण्याची पद्धत मात्र मला खरोखर खटकली. कृपेच्या धड्यावर शंभरपैकी आकडा आणि शेवटी श्रेणीचे प्रमाणपत्र मिळू लागले, की वाचक पुन्हा स्वतःची लायकीच मोजू लागतो. तपासनिसांनी उत्तरांच्या समासात लिहिलेले दोन-तीन शेरे मला त्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडले. तेवढेच ठेवावेत, असे मी त्यांना कळविले आहे आणि सहावा धडा मागविला आहे.