‘हार्मोन कोर्स’च्या नावाखाली माझ्या भाच्याला लुटलं

माझा भाचा 23 वर्षांचा आहे. दाढी-मिशी फुटली नाही, आवाज अजून पोरसवदाच. लग्नाचा विषय निघाला की घराबाहेर निघून जायचा. अशा पोरांवर टपून बसलेले लोक नागपुरात आहेत, म्हणून हे लिहितोय.

मोबाइलवर ‘मर्दानी ताकदीची गॅरंटी’ अशी जाहिरात पाहून तो बर्डीवरच्या एका दवाखान्यात गेला. असली जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तिथे ना रक्त तपासलं, ना अंग. विचारलं काय, तर पगार किती! मग 38 हजारांचा ‘हार्मोन कोर्स’ गळ्यात मारला: दर आठवड्याला इंजेक्शन आणि तपकिरी पुड्या. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं, डिंकाचा चिकट पट्टा तेवढा उरलेला. बिल म्हणून वहीच्या पानावर ‘कोर्स जमा’. चेहरा मुरमांनी भरला, तर म्हणे गुण येतोय, आणखी पैसे भरा. मी जाब विचारायला गेलो तेव्हा तो माणूस म्हणाला, “मामाजी, बाहेर कळलं तर पोराचं लग्न जमेल का?” पैशापेक्षा ही धमकी मला जास्त झोंबली.

शेवटी धंतोलीतल्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, “वास येतो का रे?” नाही येत, लहानपणापासूनच. दूध करपलं तरी त्याला कळत नाही, पण त्याचा याच्याशी संबंध कोण लावणार? निदान झालं कॅल्मन सिंड्रोम: मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशच निघत नाही.

पण ते निदान लांबलं. बाटलीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन किंवा तसलंच स्टेरॉइड असावं, असा बाईंचा अंदाज. बाहेरून ते घेतलं की वृषणांना चालना देणारे एलएच, एफएसएच हे हार्मोन आपोआप दबतात, रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सगळं बंद करून थांबावं लागलं. मगच सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासले, मेंदूचा एमआरआय काढला. आता कमी डोसपासून टेस्टोस्टेरॉन सुरू आहे, मधूनमधून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, बघतात. नुसत्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू तयार होत नाहीत. मूल हवं असेल तेव्हा एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची वेगळी इंजेक्शनं कित्येक महिने घ्यावी लागतात. हे त्या दवाखान्यात कुणी सांगितलं होतं का?

मुलगा 14 वर्षांचा झाला तरी वृषणांची वाढ सुरू नसेल, तर तेव्हाच दाखवा. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. कुणाकडे अशी बाटली, पुडी किंवा पैसे पाठवल्याची नोंद असेल, तर ती फेकू नका. तक्रारीला तोच पुरावा लागतो.