ऑटोकॅड, रेव्हिट की थ्रीडीएस मॅक्स? बडोद्यातल्या छोट्या ऑफिससाठी

ऑटोडेस्क या ड्रॉइंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडली की दोन-तीन माणसांचं ऑफिस चालवणाऱ्या आर्किटेक्टला पहिला प्रश्न हाच पडतो. ऑटोकॅडमध्ये थ्रीडी आहे, रेव्हिटमध्ये रेंडर (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र) आहे, थ्रीडीएस मॅक्समध्ये भिंती, दारं, जिने तयार मिळतात. मग तिन्हींचे पैसे का भरायचे? कायमच्या लायसन्सची विक्री 2016 मध्ये थांबली, आता भाडं भरत राहावं लागतं. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

माझं मत आधीच सांगतो: चित्र कशात देखणं येतं, यावरून ठरवू नका. क्लायंटने जिना हलवायला सांगितला, तर काय काय पुन्हा काढावं लागेल ते बघा.

ऑटोकॅडमध्ये नेहमीच्या पद्धतीने काम केलं, तर प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) ही वेगवेगळी ड्रॉइंग्ज असतात. जिना सरकला की तिन्हीकडे हाताने बदल करायचा, आणि एक जागा हमखास राहून जाते. ऑटोडेस्कने 2002 मध्ये विकत घेतलेल्या रेव्हिटमध्ये मॉडेल एकच असतं. तिथे जिना हलवला की सेक्शनही बदलतो आणि शेड्यूलमधले (दारं-खिडक्यांसारख्या घटकांच्या यादीतले) आकडेही. मांजलपूरकडचे बंगले, फ्लॅट, शाळा अशी नवी बांधकामं हेच तुमचं काम असेल, तर डोळे झाकून रेव्हिट घ्या. शिकता शिकता पहिलं काम मात्र रखडेल, तेवढी मुदत क्लायंटकडून मागून घ्या.

जुन्या वाड्यांचं गणित निराळं. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आठवा: कोरीव लाकूड, भिंतीभर चित्रं. अशा घरांत भिंती ओळंब्यात नसतात आणि शेजारचे दोन खांबही सारखे नसतात. रेव्हिटमध्ये प्रत्येक खांबाची फॅमिली (म्हणजे वेगळा साचा) बनवत बसलात तर फी तिथेच संपेल. मॅक्समध्ये नक्षी मोकळ्या हाताने घडवता येते. मोजणी आणि दुरुस्तीची ड्रॉइंग्ज मात्र ऑटोकॅडमध्येच करा. मॅक्सकडून वर्किंग ड्रॉइंगची (साइटवर बांधकामासाठी लागणाऱ्या ड्रॉइंगची) अपेक्षा धरू नका.

रेंडरचं म्हणाल, तर मीटिंगपुरतं रेव्हिटचं पुरतं. ओसरीत उतरणारं दुपारचं ऊन खरं वाटायला हवं असेल तर मॅक्स, त्यासोबत अर्नोल्ड हा रेंडरर येतोच. सॅम्पल (चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मोजले जाणारे प्रकाशकिरण) कमी ठेवले की अंधाऱ्या कोपऱ्यांत दाणे दिसतात, वाढवले की वेळ लागतो. रेव्हिटची फाईल मॅक्समध्ये लिंक करा, म्हणजे मूळ फाईलशी जोडलेली ठेवा; इम्पोर्ट करून सुटी प्रत नको. मग जिना पुन्हा हलला तरी रीलोडवर भागतं.

ऑटोकॅड एलटी ही कमी सोयींची आवृत्ती स्वस्त आहे, पण त्यात थ्रीडी मॉडेलिंग नाही. रेव्हिट एलटीमध्ये एकाच मॉडेलवर दोघांना एकत्र काम करता येत नाही. एकट्याच्या प्रॅक्टिसला रेव्हिट एलटी चालेल.

ऑटोडेस्कच्या एईसी कलेक्शन या एकत्र पॅकेजमध्ये ऑटोकॅड, रेव्हिट आणि मॅक्स हे तिन्ही मिळतात, पण लायसन्स माणसागणिक लागतं. तिघांना तीन कलेक्शन घेणं मला उधळपट्टी वाटते. जो मॉडेल आणि रेंडर दोन्ही सांभाळतो त्याला कलेक्शन, दुसऱ्याला नुसतं रेव्हिट, आणि फक्त टूडी काढणाऱ्याला ऑटोकॅड एलटी द्या.

आणि रेव्हिटची आवृत्ती तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच ठरवा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.