फोल्डस्कोप: शिवारात कामाचा, ताकाच्या थेंबापुढे हतबल

विज्ञानाच्या शिक्षकाला मराठवाड्यात उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. कपाशी, सोयाबीन, रांजणातल्या अळ्या, सगळं शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे. अडतं ते दाखवताना. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद तरी असतो, नाहीतर त्याचा आरसा तरी फुटलेला असतो. म्हणून कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, म्हणजे फोल्डस्कोप, घ्यावा का? घ्यावा, पण त्यातून काय दिसणार नाही हे आधी समजून घेऊन.

हे उपकरण स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केलं. त्यावरचा शोधनिबंध २०१४ सालचा. छापील तक्त्यातून भाग सोडवायचे, घड्या घालायच्या, खाचेत खाच सरकवायची. कागद साधा नाही, भिजला तरी टिकतो. भिंग म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा गोल मणी. वस्तू १४० पट मोठी दिसते आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचे बारकावे ओळखता येतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शाळेतल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात १० पटीचा नेत्रभिंग आणि ४० पटीचं वस्तुभिंग मिळून ४०० पट होतात. फरक इथेच लक्षात ठेवा.

जोडणीला एक अख्खी तासिका द्या आणि त्या दिवशी निरीक्षण ठेवू नका. प्रत्येक घडीची रेघ पट्टी धरून दोन्ही बाजूंना दुमडून घ्यावी, मगच भाग जोडावेत. पोरं घाईने नुसतं वाकवून जोडतात. मग काचपट्टीची जागा सपाट बसत नाही, चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर राहते, आणि दोष भिंगाला दिला जातो. मण्याला बोट लागलं तरी चित्र दुधाळ होतं. स्वच्छ पाण्यात किंचित ओला केलेला मऊ कापूस पुरतो.

सगळ्यात जास्त तक्रार असते ‘काहीच दिसत नाही’ अशी. याचं कारण बहुधा एकच असतं: काचपट्टी उलटी घातलेली. इतक्या लहान गोल मण्याचा केंद्रबिंदू त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असतो. काचपट्टी मात्र एक मिलिमीटरहून जाड असते. नमुना भिंगाच्या विरुद्ध बाजूला गेला की मध्ये अख्खी काच येते आणि कितीही सरकवलं तरी चित्र जुळत नाही. म्हणून नमुन्यावरची पातळ आच्छादन काच असलेली बाजू भिंगाकडेच हवी. थेंबही छोटाच घ्यावा. मोठा घेतला की आच्छादन काच तरंगते आणि पाणी मण्याला लागतं.

बघताना फोल्डस्कोप डोळ्याला अगदी टेकवून खिडकीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे तोंड करायचं. सूर्याकडे कधीही नाही. ही सूचना फळ्यावर लिहून ठेवा, कारण उजेड कमी पडला की पोरं आपसूक उन्हाकडे वळतात.

सुरुवात पर्णरंध्रांपासून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांपासून, करावी. पालकाच्या पानाला खालून रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या, १०-१५ मिनिटं वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टी दाबून ओढा आणि ती पट्टी तशीच कागदी स्लाइडवर चिकटवा. रंध्राच्या दोन्ही कडांना वालाच्या दाण्यासारख्या रक्षक पेशींच्या जोड्या दिसतात. ज्वारीच्या पानावर हेच केलं की त्या डमरूसारख्या दिसतात. सोयाबीनचं पान टाळा, लव असल्यामुळे पापुद्रा फाटतो. कण्हेरीचं पान मात्र मुद्दाम घ्या. ठसा उत्तम येतो आणि रंध्र एकही सापडत नाही! कण्हेरीची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूच्या खड्ड्यांत, केसांच्या आड असतात. तिथवर नेलपॉलिश पोचत नाही, आणि कोरडी हवाही सहज पोचत नाही. दुष्काळी भागातल्या वर्गाला बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ होऊन जाणं, याहून सोपं करून सांगता येणार नाही.

परागकणांसाठी कपाशीचं किंवा जास्वंदीचं फूल घ्या. दोन्ही एकाच कुळातली, दोघांचे कण मोठे आणि काटेरी. गाजरगवत हाताशी असतं, पण त्याला हात लावू देऊ नका, त्याच्या परागांची अ‍ॅलर्जी होते. हौदातल्या शेवाळाच्या पाण्यातले सूक्ष्मजीव नजरेतून निसटत असतील तर आच्छादन काचेखाली कापसाचे दोन-तीन तंतू ठेवा. जिवांची धावपळ त्या जाळ्यात मंदावते.

आता जिथे हे साधन उणं पडतं ते. दह्याचे, ताकाचे जिवाणू यात दाखवू असं वर्गात कबूल करू नका. ते अर्धा-एक मायक्रॉन रुंदीचे असतात. नववीच्या ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ पाठासाठी मोठाच सूक्ष्मदर्शक लागेल. किण्वाच्या पेशी मात्र मण्यांसारख्या दिसतात.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींचंही तसंच. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास रोप घ्यावं. ते उपटू नका. काळ्या मातीत गाठी तुटून आतच राहतात आणि हाती नुसती मुळं येतात. आदल्या दिवशी पाणी घाला, चारी बाजूंनी वीतभर माती सोडून ढेकळासकट काढा आणि बादलीत भिजवून माती सुटू द्या. गाठ ब्लेडने कापा, ब्लेड शिक्षकाच्याच हातात. आत लालसर गुलाबी दिसलं तर नत्र स्थिरीकरण चालू आहे, तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम सुरू झालेलं नाही किंवा संपलेलं आहे. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, फोल्डस्कोपची गरजच पडत नाही. रांजणातल्या डासाच्या अळ्यांनाही १० पटीचं हातभिंग बरं: एडिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला तिरपी लटकते, अ‍ॅनॉफिलिसची आडवी पडून राहते. वाढलेली अळी काचेखाली घातली तर चिरडतेच.

गुलाबी बोंडअळी दोन्हींच्या मध्ये येते. डोमकळी (आत अळी असल्याने न उमललेलं फूल) उघडून अळी बघायला हातभिंग, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या) सापडलेल्या पतंगाच्या पंखावरचे खवले बघायला फोल्डस्कोप. चिकटपट्टी पंखाला हलकेच टेकवली की पुरे. त्याच तासाला नैसर्गिक निवडीचा खेळ घ्या. परातीत ९५ मूग आणि ५ उडीद: मूग म्हणजे बीटीने (कपाशीत जनुक घालून आणलेल्या, अळी मारणाऱ्या प्रथिनाने) मरणाऱ्या अळ्या, उडीद म्हणजे तगणाऱ्या. दर ‘हंगामात’ दहापैकी एकच मूग ठेवायचा, उडीद सगळे ठेवायचे, आणि उरलेल्यांच्या प्रमाणात पुन्हा १०० दाणे भरायचे. पहिल्या फेरीनंतर उडीद ३३ होतात, दुसरीनंतर ८२, तिसरीनंतर ९८. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडअळीने धुमाकूळ घातला. ‘अळीला सवय झाली’ असं पोरं म्हणतातच. परातीतला एकही मूग उडीद झाला नाही, तगणाऱ्यांचं प्रमाण तेवढं वाढलं, हे तिथेच मोजून दाखवा.

मोबाइलला चुंबकाने जोडायची सोय उपयोगी आहे, पण तीन-चार कॅमेऱ्यांच्या फोनवर मुख्य कॅमेरा हेरूनच चुंबक चिकटवा. साठ पोरांच्या वर्गात एकाला अर्धा मिनिट धरला तरी एका फोल्डस्कोपला अर्धा तास लागतो, तासिका तिथेच संपते. किमान आठ नग हवेत. चिमटा, काचपट्ट्यांसकट येणारी एकट्याची पेटी देखणी असते, पण शाळेसाठी वर्गाचा गठ्ठाच घ्या आणि उरलेल्या पैशांत दहा हातभिंगं. मागणी जूनमध्येच नोंदवा, गाठी ऑगस्टमध्ये काढायच्या आहेत.